इरा की ईरा? बारशाआधी पक्कं करायचं ते

*"माझ्या भावाला मुलगी झाली. बारसं पुढच्या आठवड्यात आहे. गुरुजींनी कृत्तिका नक्षत्र, दुसरा चरण सांगून 'ई' अक्षर दिलं. भाऊ-वहिनींनी 'इरा' नाव ठरवलंय. पण भाऊ म्हणतो, अक्षर दीर्घ आलंय तर 'ईरा'च लिहायचं. वहिनी म्हणते ऱ्हस्व. आईचं म्हणणं, मुलीचं नाव दोन अक्षरी ठेवत नाहीत, तीन नाहीतर पाच अक्षरी हवं, शिवाय आपली कुलस्वामिनी तुळजाभवानी, तिचं नाव कुठेच नाही. त्यात चुलतभावाने मोबाईलवर अर्थ शोधला. एकीकडे सरस्वती, दुसरीकडे जागरूक, तिसरीकडे चक्क राग! वहिनींचं माहेर कन्नड बोलणारं, आमचा शेजार सगळा तेलुगू. मुलीच्या कानात नाव मला सांगायचंय. हे नाव ठेवावं का? फार झालंय का ते हल्ली? आणि फॉर्मवर काय लिहायचं?"*
*— एक आत्या, सोलापूर*

ताई, नाव ठेवा, निःशंक मनाने ठेवा. फक्त लिहायचं कसं हे बारशाच्या आधी घरात एकमताने ठरवा. अर्थाचा घोळ वाटतो तेवढा मोठा नाही. लिहिण्याचा घोळ मात्र मुलीला पुढे वर्षानुवर्षं पुरतो.

आधी अर्थ. मोबाईलवर दिसलेले तीन अर्थ एका नावाचे नाहीत. वेगवेगळ्या भाषांतले वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे ऐकू येतात आणि नावांच्या याद्या करणारे ते सगळे एकाच ओळीत कोंबतात. 'राग' हा अर्थ लॅटिन भाषेतल्या एका सामान्य नामाचा आहे. 'जागरूक' हा अर्थ हिब्रूतल्या पुरुषी नावाचा. बायबलमध्ये दावीद राजाच्या पदरी असलेल्या माणसांत ते नाव येतं, आणि इंग्रजी बोलणारे त्याचा उच्चार 'आयरा' करतात. गीतकार आयरा गर्शविन हे पुरुषच होते. आणखी शोधलंत तर 'शांती' असाही अर्थ सापडेल. तो रशियन 'इरिना'चा. तिला लाडाने इरा म्हणतात आणि ते नाव शांती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. यातलं काहीही तुमच्या भाचीचं नाही. तुमच्या घरात ठेवलं जाणारं नाव संस्कृत आहे, तेव्हा अर्थही तिथलाच धरायचा.

संस्कृतात 'इरा' हा जुना, वैदिक काळापासूनचा शब्द. मूळ अर्थ तरतरी आणणारं, पोसणारं असं काही: पेय, अन्न, त्यातून येणारी तृप्ती. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात त्याचे चार अर्थ एका ओळीत दिलेत: भू, वाक्, सुरा, आप. म्हणजे जमीन, वाणी, मद्य आणि पाणी. 'सरस्वती' हा अर्थ यातल्या वाणीवरून आला, तेव्हा तो चुकीचा नाही, फक्त एका टप्प्याने पुढचा आहे. मद्याचा अर्थ मुद्दाम सांगतो, कारण बारशाला कुणीतरी जाणकार पाहुणे तो काढतीलच. तरतरी आणणारं पेय या मूळ अर्थाचीच ती एक फांदी आहे आणि बोलीत आज तो अर्थ कुठेही जिवंत नाही. जमीन, पाणी आणि वाणी हे तीन अर्थ निवांतपणे सांगा. पाण्याची किंमत सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. या जिल्ह्यात पाणी आणि अन्न या अर्थाचं नाव एखाद्या लेकीला मिळावं, हे आम्हाला मनापासून आवडलं.

'इडा', 'इळा', 'इला' हे शब्द याच घरातले. ऋग्वेदात इळा, सरस्वती आणि मही या तीन देवींना एकत्र बोलावतात. विष्णुपुराणात इरा ही कश्यपाची पत्नी. झाडं, वेली आणि सगळ्या जातींची गवतं तिच्यापासून झाली असं सांगितलंय. आईंना सांगायला ही गोष्ट फार चांगली आहे, कारण 'पुराणात आहे का?' हा प्रश्न त्यांच्याकडून येणारच.

याच शब्दाला पुढे प्रत्यय लागून 'इरावती' झालं, म्हणजे पाण्याने, रसाने भरलेली. पंजाबातल्या रावी नदीचं संस्कृत नाव इरावती. ब्रह्मदेशातल्या मोठ्या नदीचंही तेच. रामायणातल्या वंशकथेत इरावतीचा मुलगा तो ऐरावत. महाभारतात अर्जुन आणि उलूपी यांचा मुलगा इरावान. भागवतात परीक्षिताची राणी इरावती, आणि कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्राच्या एका राणीचंही हेच नाव. मराठी वाचकाला सगळ्यात जवळच्या अर्थात इरावती कर्वे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला, नाव तिथल्या नदीवरून ठेवलं गेलं आणि घरचे त्यांना 'इरू' म्हणत.

आता भाऊ आणि वहिनींचा वाद. वहिनींचं बरोबर आहे: इरा, ऱ्हस्व. शब्द तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, आणि तत्सम शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा ऱ्हस्व-दीर्घ मुळात जसा असेल तसाच ठेवायचा, हा मराठी शुद्धलेखनाचा साधा नियम. 'ईर्' हा संस्कृतात वेगळाच धातू आहे, हलणं-चालवणं या अर्थाचा; 'समीर' त्यातला. दीर्घ 'ईरा' लिहिलं की वर सांगितलेल्या अर्थांशी नातंच तुटतं.

मग गुरुजींचं अक्षर चुकलं का? नाही. कृत्तिकेच्या चार चरणांची अक्षरं अ, ई, उ, ए अशी येतात, पंचांगांत थोड्याफार फरकाने छापलेली. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्यात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत. 'ई' म्हणजे इ-ई दोन्ही. पंचांग घरात असेलच, दाते पंचांग तर सोलापुरातूनच निघतं. ते उघडून गुरुजींनाच विचारा, तेही हेच सांगतील. एक मात्र तपासून घ्या. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण सरासरी सहा तासांचा. जन्मवेळ चरण बदलण्याच्या जवळ असेल आणि दवाखान्याच्या कागदावरची वेळ अंदाजाने टाकलेली असेल, तर अक्षर बदलू शकतं. कृत्तिकेत हे आणखी महत्त्वाचं, कारण पहिला चरण मेष राशीत पडतो आणि उरलेले तीन वृषभेत. दुसरा चरण सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल तर रासही बदलू शकते. पत्रिका करणाऱ्यांना कागदावरची वेळच द्या, 'साडेनऊच्या सुमारास' असं नको.

दोन अक्षरांचा मुद्दा आईंनी हवेतून काढलेला नाही. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरी, शेवट 'आ'कारात, असं सांगितलंय. त्या हिशेबाने 'इरा'चा शेवट बरोबर, संख्या चूक. पण उमा, रमा, सीता, राधा, गंगा ही नावं याच समाजाने शतकानुशतकं ठेवली आणि ती दोनच अक्षरी आहेत. मनुस्मृतीत तर नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये असंही लिहिलंय. तरी घरोघर रोहिणी आहेत, तुळसा आहेत, गोदावरी आहेत. नियम होता हे खरं. लोकांनी तो पाळला नाही हेही तितकंच खरं.

कुणी म्हणेल, कागदावर 'इरावती' ठेवा आणि घरी 'इरा' म्हणा. नाव सुंदर आहे, पण आईंची अडचण त्याने सुटत नाही. इ-रा-व-ती ही चार अक्षरं झाली, पुन्हा समच, आणि शेवट 'ई'कारात. शिवाय दाखल्यावर एक आणि हाकेला दुसरं असं झालं की शाळेत पहिल्याच दिवशी मुलगी स्वतःचं नाव ऐकून ओ देत नाही. 'इरावती' मनापासून आवडलं असेल तरच ठेवा, तडजोड म्हणून नको.

आईंचं समाधान होईल अशी जागा विधीतच आहे. नामकरणात गुरुजी एकच नाव ठेवत नाहीत. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी नावं ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने लिहितात. त्यातलं देवतानाम 'भवानी' ठेवायला सांगा. तीन अक्षरं होतात, कुलस्वामिनीही येते. व्यावहारिक नाम 'इरा'. आईंना हे बारशाच्या दिवशी पाटावर बसल्यावर नव्हे, आधी दोन-तीन दिवस निवांत सांगा, आणि तांदळावरची पहिली अक्षरं त्यांच्या हातून काढून घ्यायची असतील तर गुरुजींनाही तसं कळवा.

मराठीत हे नाव चालवताना एक खाच आहे. जुन्या वळणाने 'आ'कारान्त बायकी नावांचं सामान्यरूप होतं: सीतेला, गंगेला, राधेने. त्याच चालीवर 'इरेला' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'इरेला पेटणे' आठवतं. ती 'ईर' वेगळी, चुरशीची. तिचा या नावाशी संबंध नाही. आजच्या वळणाने इराला, इराने, इराचा असंच बोला आणि लिहा, स्मिताला-स्मिताने म्हणतो तसं. शाळेत मुलं 'इरसाल' म्हणून चिडवतील, 'इराणी' म्हणतील. एवढं कुठल्याही नावाला होतं आणि चौथीपर्यंत विरतं. 'र' न येणारी लहान भावंडं काही महिने 'इला' म्हणतील. घरात आधीच एखादी इला किंवा मीरा असेल, तर मात्र आतल्या खोलीतून हाक मारून बघा. 'मीरा' आणि 'इरा' भिंतीपलीकडून सारखंच ऐकू येतं आणि दोघी ओ देतात.

कन्नड आणि तेलुगूचं विचारलंत ते फार बरं केलंत. सोलापुरात हा विचार करायलाच हवा आणि बरेच जण करत नाहीत. दोन्ही भाषांत 'इरा' सहज उच्चारता येतं, जोडाक्षर नाही, अडणारं व्यंजन नाही. सुरुवातीच्या 'इ'ला किंचित 'य'ची झाक येते, 'यिरा'सारखं, तेवढंच. गंमत लाडाच्या नावात आहे. कन्नडमध्ये 'इरू' म्हणजे 'थांब', 'राहा'. आजोळी कुणी पोरीला 'इरू, इरू' म्हणून जवळ बोलावलं तर शब्दाचा अर्थ नेमका उलटा होतो. मुंगीला कन्नडमध्ये 'इरुवे' म्हणतात, तेही कुणीतरी मामा लाडाने म्हणणार. यात वाईट काही नाही, उलट आजोळचं लाडाचं नाव आयतं मिळालं. फक्त वहिनींच्या आईंना नाव आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिली प्रतिक्रिया भर बारशात नको. आणि तेलुगू शेजाऱ्यांना आमंत्रण देताना फार समजावावं लागणार नाही. त्यांच्याकडेही या समारंभाला 'बारसाला'च म्हणतात.

उर्दू बोलणाऱ्या घरांत हल्ली 'आयरा' नाव ठेवतात. ते वेगळं नाव आहे. इंग्रजीत लिहिलेलं 'इरा' वाचून कुणी 'आयरा' म्हणालं तर तिथेच दुरुस्त करा. पहिल्या वर्षी राहिलेला उच्चार नंतर सुटत नाही.

नाव फार झालंय का? आपल्याकडे दरवर्षी जन्मलेल्या मुलींच्या नावांची क्रमवारी सरकार जाहीर करत नाही. 'यंदाची शंभर लोकप्रिय नावं' अशा याद्या त्या-त्या संकेतस्थळावर कोण काय शोधतं यावरून बनतात. त्यावर विसंबून नाव घेऊ नका आणि सोडूही नका. डोळ्यांना दिसणारी गोष्ट अशी: कुसुम, विमल, मालती यांची पिढी गेली, संगीता-सुनीता-अनिता आल्या, मग अश्विनी आणि प्राजक्ता, मग वैष्णवी, साक्षी, श्रावणी, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत छोटी, 'रा'वर संपणारी नावं आली. स्वरा, तारा, मायरा, कियारा. 'इरा' त्या लाटेत पुढे आलं, हे मान्य करायला हवं. पण त्या लाटेने ते जन्माला घातलं नाही. बंगाली घरांत ते पूर्वीपासून आहे. संगीतकार रोशन यांच्या पत्नी इरा रोशन या बंगाली गायिका होत्या. यादीतल्या पुष्कळ नव्या नावांना मागे आधार सापडत नाही. याला आहे, आणि लाट ओसरल्यावरही ते जुनाट वाटणार नाही असं आमचं मत आहे. तरी वर्गात दोन इरा नकोत असं वाटत असेल तर जवळच्या दोन-तीन बालवाड्यांत विचारून घ्या. तुमच्या भागापुरतं तेवढं उत्तर कुठल्याही यादीपेक्षा खरं असतं.

आता फॉर्म. इथे घाई करू नका आणि आळसही नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखानाच ती माहिती महापालिकेला कळवतो. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नावाची जागा कोरी राहते, त्याने नोंद अडत नाही. नाव नंतर घालता येतं: नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत फुकट, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना कुणी फॉर्म पुढे केला आणि घरात ऱ्हस्व-दीर्घाचा वाद चालू असेल, तर नाव लिहूच नका. एकदा लिहिलेलं नाव बदलणं अवघड आहे. लिहिण्यातली चूक पुरावे देऊन दुरुस्त होते, पण 'आता दुसरं नाव आवडलं' म्हणून दाखला बदलून मिळत नाही. मग राजपत्रात नाव बदलून घ्या, प्रत्येक कचेरीत ते कात्रण दाखवा, हे सुरू होतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना या सगळ्याला जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. दाखल्यावरचं अक्षर पुढे सगळीकडे जाणार. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतो, तेव्हा दोन्ही ओळी तिथेच खिडकीपाशी उभं राहून वाचा. चुका बहुतेक इंग्रजी ओळीत होतात, कारण मराठीकडे सगळे बघतात आणि इंग्रजी टंकलेखकाच्या अंदाजावर सुटतं.

इंग्रजीत तीन अक्षरं द्या: आय, आर, ए. 'ई, आर, ए' दिलं तर तो 'कालखंड' या अर्थाचा इंग्रजी शब्द होतो आणि वाचणारे 'एरा' वाचतात. सुरुवातीला दोन 'ई' दिले तर पुन्हा दीर्घ 'ईरा'. अंकशास्त्रवाले शेवटी एक जादा 'ए' लावायला सांगतील, त्याला स्पष्ट नाही म्हणा. तो जादा 'ए' एका कागदावर राहतो, दुसऱ्यावर गळतो, आणि पासपोर्टच्या वेळी दोन वेगळ्या मुली असल्यासारखे कागद समोर येतात. आधारही दाखला हातात आल्यावरच काढा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं असा निर्णय आहे. तेव्हा सबंध नाव या क्रमाने मोठ्याने म्हणून बघा. वहिनींचं नाव 'अ' किंवा 'आ'ने सुरू होत असेल तर 'इरा आरती', 'इरा अर्चना' असं म्हणताना मधला स्वर चिकटतो आणि ऐकणारा 'इरारती' लिहून मोकळा होतो. तसं असेल तर नाव बदलायची गरज नाही, पण फोनवरून कुणालाही नाव सांगताना मध्ये थांबायची सवय लावा. व्यंजनाने सुरू होणारं नाव असेल तर प्रश्नच नाही.

राहिलं तुमचं काम. पाळणा म्हणायला जुळणारे शब्द या नावाला भरपूर आहेत: हिरा, झरा, तुरा, साजिरा. कडव्याच्या शेवटी 'इरा' आणायचं असेल तर आधीच्या ओळीत 'झरा' बसवा. पाण्याचा अर्थही येतो आणि आईंना समजावलेली गोष्टही. कानात सांगताना घरच्या पद्धतीप्रमाणे आधी 'भवानी', मग 'इरा' म्हणा. 'इ' आखूड, 'रा' लांब, आणि मग कुर्र् करा. पाठीत धपाटे बसतील त्या वेळी मूल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. बारा दिवसांच्या बाळाची मान अजून धरलेली नसते.